पाणी द्यायचं का, हे मातीला विचारू या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)



आज बोलायचं आहे ते शेतातल्या एका लहानशा यंत्राबद्दल. जमिनीत ओल किती आहे ते सांगणारं हे यंत्र. कंपनीवाले त्याला सॉइल मॉइश्चर सेन्सर म्हणतात. आपण सोपं नाव ठेवू, ओलमापक. गेल्या काही महिन्यांत आमच्या ग्रामसंघात बऱ्याच गटांनी एकच प्रश्न काढला. गावात विक्रेते येतात, मोबाईलवर आलेख दाखवतात, शेतात एक खांब रोवायचा म्हणतात. गटाने ते घ्यावं का? घेतलं तर त्याची बॅटरी किती टिकेल? चार महिन्यांनी ते बंद पडून नुसता खांब उरणार नाही ना?

प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून आज तीन गोष्टी बघू. ओल मोजतात कशी, यंत्र कमी विजेवर जगतं कसं, आणि आपल्यासारख्या गटाला त्यातलं कोणतं परवडतं.

रात्रीची पाळी आणि आपला अंदाज

शेतीची थ्री-फेज लाईट आपल्याकडे पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातलं कोणीतरी बॅटरी घेऊन दारं धरायला जातं. साप, विंचू, काळोख, थंडी, सगळं आलंच. बरेच जण मोटारीला ऑटो लावून ठेवतात. लाईट आली की मोटार सुरू. रानाला पाणी हवं होतं की नव्हतं, हे त्या ऑटोला कुठून कळणार?

आपण पाणी कधी देतो, याचा जरा विचार करा. लाईट आली म्हणून देतो. शेजारच्याची मोटार सुरू झाली म्हणून देतो. वरची माती पांढरी दिसली म्हणून देतो. आठ दिवस झाले म्हणून देतो. यातल्या एकाही कारणात मुळापाशी काय चाललंय ते आपण पाहिलेलं नसतं. वरची दोन बोटं माती सुकली तरी वीतभर खाली भरपूर ओल असू शकते. उलटंही होतं. ठिबकखाली वर ओलं दिसतं आणि खाली मूळ तहानलेलं असतं.

जास्त पाण्याचं नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते जास्त फसवं. कांदा सडतो. डाळिंबाला कधी तुटवडा आणि कधी एकदम भरपूर असं पाणी झालं की फळ तडकतं. घातलेला युरिया पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातो. सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं जास्त पाणी देऊन कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण ऐकून आहोत.

कोणी म्हणेल, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारने एप्रिल २०२४ पासून माफ केलंय, मग वाचवायचं कशाला? बिल माफ झालं तरी विहिरीतलं पाणी माफ होत नाही. वाहून गेलेलं खत परत मिळत नाही. आणि जी रात्रीची पाळी देण्याची गरजच नव्हती, त्या रात्रीची झोप कोणी भरून देत नाही.

वाफसा म्हणजे नेमकं काय

वाफसा हा शब्द आपल्याला शिकवायला नको. पाऊस पडून गेला, पाणी मुरलं, आणि आता पेरणीला घालता येईल अशी जमीन झाली की आपण म्हणतो वाफसा आला. त्या वेळी मातीत काय झालेलं असतं? मातीच्या कणांमध्ये मोठी आणि बारीक भोकं असतात. पाणी दिल्यावर सगळी भरतात. एक-दोन दिवसांत मोठ्या भोकांतलं पाणी खाली निघून जातं आणि तिथे हवा शिरते. बारीक भोकांत पाणी धरून राहतं. मुळाला श्वासही मिळतो आणि पाणीही. शास्त्रज्ञ याला फील्ड कपॅसिटी म्हणतात.

वाफशानंतर झाड पाणी ओढत जातं, ऊन ओढत जातं. शेवटी अशी वेळ येते की मातीत थोडी ओल असते, पण ती मातीने इतकी घट्ट धरलेली असते की मुळाला ती ओढता येत नाही. झाड कोमेजतं आणि पाणी देऊनही उठत नाही. वाफसा आणि हे कोमेजणं, या दोन टोकांच्या मधलं पाणी हेच पिकाच्या कामाचं पाणी. बहुतेक पिकांना त्यातलं साधारण अर्धं संपलं की पाणी द्यावं, असा ढोबळ नियम आहे. भाजीपाला आणि कांदा यांची मुळं वरच्या थरात असतात, त्यांना त्याआधीच द्यावं लागतं.

जमिनीप्रमाणे हिशोब बदलतो. मुरमाड जमीन पाणी कमी धरते आणि पटकन सोडते. काळी जमीन खूप धरते, पण घट्टही धरते. म्हणून काळ्या रानात हाताला ओल लागूनही झाड तहानलेलं असू शकतं.

यंत्राच्या आधी हाताची परीक्षा सांगते, तिला एक पैसा लागत नाही. मुळापाशी वीतभर खणा, मूठभर माती घ्या, दाबा. तळहाताला पाणी लागलं तर जास्त आहे. लाडू झाला, बोटाने ढकलल्यावर फुटला, तर वाफशाच्या आसपास आहे. लाडू वळतच नाही, भुगा होतो, तर पाणी द्यायची वेळ येऊन गेली. काळी माती थोडी सुकली तरी लाडू वळतो, म्हणून तिच्यात बोटांमध्ये माती दाबून पट्टी निघते का तेही बघा. ही परीक्षा सोडायची नाही. ओलमापक बरोबर बोलतो की नाही, हे पुढे याच हाताने तपासायचं आहे.

ओल मोजायच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा टेन्शिओमीटर. ही एक पाण्याने भरलेली नळी असते. खालच्या टोकाला भाजलेल्या मातीचं, म्हणजे आपल्या माठासारखं पाझरणारं टोक असतं. वर एक घड्याळ असतं. नळी मुळापाशी रोवली की कोरडी माती त्या टोकातून पाणी ओढू लागते. जितका ओढा जास्त, तितका काटा पुढे. म्हणजे मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय तेच आपल्याला दिसतं. याला बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. मात्र काटा साधारण ८० सेंटिबारच्या पुढे काम करत नाही. माती फार सुकली की नळीत हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावं लागतं.

दुसरी तऱ्हा जिप्समचा ठोकळा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बुयूकॉस आणि मिक या दोघांनी १९४० मध्ये ही पद्धत मांडली. जिप्समच्या लहान ठोकळ्यात दोन तारा बसवतात आणि ठोकळा जमिनीत पुरतात. माती ओली झाली की ठोकळा ओला होतो, माती सुकली की तोही सुकतो. ओल्या ठोकळ्यातून वीज सहज जाते, सुक्यातून अडखळते. तेवढं मोजलं की ओल कळते. जिप्सम हळूहळू विरघळतं, म्हणून काही हंगामांनी ठोकळा बदलावा लागतो.

तिसरी तऱ्हा बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळते. काट्याच्या चमच्यासारखे दोन उघडे दात मातीत खुपसायचे आणि त्यांच्यामधून वीज सोडायची. मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात हाच दिसतो. पण सतत एकाच दिशेने वीज गेली की दातांवरचा मुलामा झडतो, गंज चढतो, आणि काही आठवड्यांत आकडे भरकटतात. शिवाय खत दिलं की मातीत क्षार वाढतात, वीज सहज जाते, आणि यंत्र सांगतं की ओल वाढली.

चौथी तऱ्हा कपॅसिटिव्ह सेन्सर. यात धातू मातीला लागत नाही, तो पट्टीच्या आत झाकलेला असतो. पट्टीभोवती विजेचं एक लहानसं क्षेत्र तयार होतं आणि आजूबाजूची वस्तू त्याला किती साठवून धरते ते मोजलं जातं. पाण्याचा हा गुण साधारण ८० आहे, कोरड्या मातीचा ३ ते ५, आणि हवेचा १. पाणी इतकं वेगळं असल्यामुळे मातीत ते थोडं वाढलं तरी यंत्राला लगेच कळतं. याला गंजायला उघडा धातू नाही. मात्र पट्टीच्या कापलेल्या कडांतून ओल आत शिरते. त्यावर जगभर एक घरगुती उपाय करतात, तो ऐकून हसू येईल. पट्टीच्या कडांना आणि वरच्या भागाला नेलपॉलिशचे दोन-तीन हात देतात. एपॉक्सी मिळालं तर आणखी चांगलं.

कमी वीज म्हणजे जास्त झोप

आता बॅटरीचा प्रश्न. हा हिशोब सगळ्यांनी मन लावून ऐका, कारण विकणारा तो सांगत नाही.

एका चांगल्या पेन्सिल सेलमध्ये साधारण २००० एमएएच इतका साठा असतो. ही त्याची टाकी समजा. ओलमापक जागा असताना समजा २० मिलिअँपिअर वीज पितो. तो रात्रंदिवस जागा राहिला तर २००० भागिले २०, म्हणजे १०० तास. पाचव्या दिवशी सेल संपला.

आता त्यालाच झोपायला शिकवू. दर तासाला तो दोन सेकंद उठतो, ओल मोजतो, लिहून ठेवतो आणि परत झोपतो. दिवसभरात तो जागा किती? ४८ सेकंद. झोपेत तो समजा ०.०१ मिलिअँपिअर पितो. जागेपणीचा आणि झोपेतला खर्च मिळून दिवसाला साधारण अर्धा एमएएच होतो. २००० ची टाकी ४००० दिवस पुरली. कागदावर जवळजवळ ११ वर्षं! प्रत्यक्षात इतकं होत नाही. सेल पडून पडूनही उतरतो, उन्हात तापतो, ओल लागते. तरी दोन-तीन हंगाम तेच सेल पुरणं अवघड नाही. यंत्र तेच, सेल तेच. फरक फक्त झोपेचा.

जमिनीची ओल काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. दिवसातून चार वेळा मोजली तरी पुष्कळ. जो विक्रेता दर मिनिटाला आकडा मिळेल म्हणून सांगतो, तो आपल्याला नको असलेल्या गोष्टीसाठी आपली बॅटरी जाळतो.

आणखी एक चोर आहे. यंत्र सुरू आहे हे दाखवणारा बारीक लाल दिवा. तो साधारण ३ मिलिअँपिअर घेतो. किरकोळ वाटतं. पण दिवसाला ७२ एमएएच झाले. आपला ओलमापक दिवसाला अर्धा घेत होता, हा दिवा त्याच्या शंभरपट आणि वर खातो. ११ वर्षांची टाकी महिनाभरात रिकामी. रानात रात्रभर तो दिवा बघतं कोण? म्हणून चांगल्या यंत्रात कायम पेटलेला दिवा नसतो. मोजून झालं की सेन्सरचीही वीज तोडलेली असते. त्याने सेलही वाचतो आणि उघड्या दातांचा सेन्सर असेल तर त्याचा गंजही कमी होतो.

सगळ्यांत जास्त खर्च बोलण्याचा, म्हणजे निरोप पाठवण्याचा. सिमकार्डवरून निरोप पाठवणारं यंत्र त्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत ओढू शकतं. पेन्सिल सेलला ते झेपत नाही. मग चार्जिंगची बॅटरी आली, सोलर पाटी आली, पाटीवरची धूळ पुसणं आलं, पाटी चोरीला जाणं आलं. दुसरी पद्धत लोरा नावाच्या रेडिओची. तो काही मिलिअँपिअरमध्ये, फार तर शंभराच्या आसपास, लहानसा निरोप मोकळ्या रानात एक-दोन किलोमीटर सहज पोचवतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी परवान्याशिवाय वापरता येतो. पण घरी किंवा वस्तीवर तो निरोप ऐकणारं दुसरं यंत्र लागतं आणि त्याला कायम वीज लागते.

आता या छोट्या खर्चाशेजारी मोटारीचा खर्च ठेवून बघा. ओलमापकातल्या दोन सेलमध्ये मिळून सहा वॅट-तास एवढी वीज असते. पाच अश्वशक्तीची मोटार तेवढी वीज सहा सेकंदांत पिते. म्हणजे मोटार सुरू करून पाणी पाइपातून बाहेर येईपर्यंतच ओलमापकाची दोन-तीन हंगामांची वीज संपली! नको असलेली एक पाळी त्याने वाचवली की त्याचं काम झालं.

बॅटरी शेतात कशाला?

इथे मला तुम्हाला दोन उदाहरणं सांगायची आहेत. दोन्हीत यंत्र बनवणाऱ्यांनी विचारलं की बॅटरी शेतात ठेवायची गरज तरी आहे का.

पहिलं आपल्याच देशातलं. कोइमतूरला ऊस प्रजनन संस्था आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची. त्यांनी हातात धरायचा ओलावा दर्शक बनवला. दोन दांड्या जमिनीत रोवायच्या, बटण दाबायचं, दिवा पेटतो. निळा दिवा म्हणजे भरपूर ओल. हिरवा म्हणजे पुरेशी, लगेच पाणी नको. नारिंगी म्हणजे कमी, आता द्यायला हवं. लाल म्हणजे फारच कमी, लगेच द्या. यात आकडा वाचायचा नाही, मोबाईल लागत नाही, इंटरनेट लागत नाही. बटण दाबलं तेवढीच वीज. बाकीचा वेळ तो पूर्ण झोपलेला.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या रिचर्ड स्टिर्झाकर यांनी लहान शेतकऱ्यांसाठी कॅमेलिऑन नावाचा सेन्सर तयार केला. कॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा. वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर पुरून ठेवतात. जमिनीतल्या त्या सेन्सरना बॅटरी नसते, नुसत्या तारा वर काढलेल्या असतात. दिवे आणि बॅटरी असलेलं वाचक यंत्र, म्हणजे रीडर, वेगळं. शेतकरी ते घेऊन येतो, तारांना जोडतो, प्रत्येक खोलीचा दिवा बघतो आणि पुढच्या रानात जातो. निळा म्हणजे ओलं, हिरवा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे कोरडं. टांझानिया, मोझांबिक आणि झिंबाब्वे या देशांतल्या लहान सिंचन योजनांवर २०१३ नंतर याचा वापर झाला. तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांना पहिल्याच हंगामात दिसलं की खालचे दिवे कायम निळे आहेत, म्हणजे पाणी मुळांच्या खाली चाललंय. त्यांनी पाळ्या कमी केल्या. खत वाहून जाणं कमी झालं, उत्पन्न वाढलं, वाचलेला वेळ दुसऱ्या कामाला मिळाला. पाण्याच्या वाटपावरून होणारी भांडणंही कमी झाली.

याच स्टिर्झाकरांनी आणखी एक साधन केलं, त्याला तर वीजच लागत नाही. जमिनीत एक नरसाळं पुरतात. वरून दिलेलं पाणी त्या खोलीपर्यंत पोचलं की नरसाळ्यात जमतं आणि एक तरंगणारी काडी वर उचलली जाते. काडी वर आली की समजायचं, पाणी मुळापर्यंत पोचलं, आता कॉक बंद करा. ओलमापक पाणी कधी द्यायचं ते सांगतो, ही काडी कधी थांबायचं ते सांगते.

मैत्रिणींनो, यातलं रीडर वेगळं ठेवण्याचं गणित मला गटासाठी फार पटतं. महागडा भाग एकच, तो गटाचा. स्वस्त सेन्सर प्रत्येकीच्या रानात पुरलेले. जसं आपण मळणी यंत्र किंवा फवारणी पंप गटात ठेवतो, तसं. बॅटरी बदलायची ती एका ठिकाणी. उन्हात, पावसात, उंदरांच्या तोंडाशी बॅटरी ठेवायचीच नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. मोबाईलवर निरोप येणारं यंत्र घेतलं तर निरोप कोणाच्या मोबाईलवर येतो? बहुतेक घरांत तो घरधन्याच्या मोबाईलवर येणार. रानात दारं धरणारी, ठिबकचे कॉक फिरवणारी बाई मात्र पुन्हा विचारतच राहणार. बटण दाबून दिवा दाखवणारं यंत्र जी रानात उभी आहे तिला सांगतं. लिहिता-वाचता येत नसलं तरी रंग कळतो. बॅटरी वाचवणारी रचना आणि आपल्या सोयीची रचना इथे एकच आहे.

बसवताना घ्यायची काळजी

यंत्र कितीही चांगलं असो, चुकीच्या जागी बसवलं तर ते चुकीचंच सांगणार.

जागा निवडताना बांधाची कड, पाटाचं तोंड, झाडाची सावली टाळा. रानाचा मधला, सरासरी भाग घ्या. ठिबक असेल तर ड्रीपरच्या अगदी खाली लावू नका, तिथे कायम ओलंच दिसेल. ड्रीपरपासून चार-सहा बोटं बाजूला, मुळांच्या पट्ट्यात लावा.

खोली पिकाप्रमाणे. भाजीपाला, कांदा यांना साधारण १५ सेंटिमीटरवर एक. ऊस, डाळिंब, कापूस अशा खोल मुळांच्या पिकांना एक वर आणि एक ३० सेंटिमीटर किंवा त्याहून खाली. वरचा सांगतो पाणी द्यायची वेळ, खालचा सांगतो पाणी वाया चाललंय का.

माती आणि सेन्सर यांच्यात पोकळी नको. तिथे हवा राहिली की यंत्र कोरडं सांगतं. म्हणून त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून पातळ चिखल करा, तो सेन्सरभोवती ओता, मग दाबून भरा. काळ्या जमिनीत हे फार महत्त्वाचं. उन्हात ती भेगाळते आणि भेग नेमकी सेन्सरपाशी पडली तर आकडा एकदम कोरडा होतो. असा एकाएकी बदल दिसला तर आधी भेग बघा.

तारा खुरप्याने तुटतात, उंदीर कुरतडतात. तार जुन्या ठिबकच्या नळीत घालून काढा आणि जवळ रंगीत काठी रोवा, म्हणजे खुरपणीला आलेल्या बायकांना लांबून दिसेल.

आपल्या मातीची खूण आपण ठरवायची

कंपनीने दिलेल्या खुणा कुठल्यातरी दुसऱ्या मातीवर काढलेल्या असतात. आपल्या मातीची खूण आपणच काढायची. कशी, ते सांगते.

सेन्सरभोवतीचा एक चौरस फूट भाग भरपूर भिजवा. वर गोणपाट झाका. मुरमाड रानात एक दिवसाने, काळ्यात दोन-तीन दिवसांनी हाताने माती तपासा. लाडू नीट वळतोय, हाताला पाणी लागत नाही, म्हणजे वाफसा. त्या वेळी यंत्र काय दाखवतं ते लिहा. मग गोणपाट काढा आणि रोज सकाळी तपासत राहा. माती सुकत जाईल. ज्या दिवशी मूठ सांगेल की आता पाणी द्यायला हवं, त्या दिवशीचं यंत्राचं सांगणं लिहा. या दोन खुणा म्हणजे तुमच्या रानाचं कोष्टक.

आणखी खात्री हवी असेल तर तराजू घ्या. मुळापाशीची ओली माती मोजा, समजा १२० ग्रॅम भरली. पूर्ण सुकवा आणि परत मोजा, समजा १०० ग्रॅम. २० ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे सुक्या मातीच्या २० टक्के ओल होती. प्रयोगशाळेत हीच माती १०५ अंशांवर २४ तास भट्टीत सुकवतात. घरी पातळ पसरून कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवली तर थोडी ओल राहते, पण अंदाजाला पुरते.

घेण्याआधी हे विचारा

विक्रेता आला की गटाच्या बैठकीत त्याला बसवा आणि हे प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहा.

१. सेन्सर कोणत्या तऱ्हेचा आहे? उघड्या दातांचा असेल तर नको म्हणा.

२. यंत्र दिवसातून किती वेळा जागं होतं, आणि ते आपल्याला कमी करता येतं का?

३. सेल कोणते? आपल्या बाजारात मिळणारे की फक्त कंपनीकडचे? आपण बदलू शकतो का?

४. इंटरनेट किंवा रिचार्ज बंद पडलं तर यंत्र रानात उभ्या असलेल्या बाईला काही सांगतं का?

५. वर्षाला काही भाडं किंवा वर्गणी आहे का? ती भरली नाही तर यंत्र बंद पडतं का?

६. सेन्सर बिघडला तर तेवढाच बदलता येतो का, की सगळं नवं घ्यावं लागतं?

दहा जणींसाठी दहा यंत्रं घेण्याची घाई करू नका. गावात जमिनी साधारण दोन-तीन तऱ्हांच्या असतात, मुरमाड, मध्यम, काळी. प्रत्येक तऱ्हेच्या एका रानात सेन्सर लावा आणि एक रीडर ठेवा. वहीत चार रकाने आखा, तारीख, रंग, पाणी दिलं की नाही, मोटार किती तास चालली. पहिले पंधरा दिवस पाणी नेहमीसारखंच द्या, फक्त रंग लिहीत जा. किती वेळा निळा असताना मोटार चालू झाली ते वहीच सांगेल. ती वही ग्रामसंघात वाचा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या ताई-सरांना, तुमच्या कृषी सखीला दाखवा. मग ठरवा, पुढे पैसे घालायचे की नाही.

काही गोष्टी यंत्र सांगत नाही, त्याही लक्षात ठेवा. उद्या पाऊस येणार आहे का, पीक फुलोऱ्यात आहे का, कॅनॉलची पाळी परत कधी येणार, हे तुम्हालाच धरावं लागेल. फुलोऱ्यात ताण चालत नाही, काढणीच्या आधी पाणी तोडावं लागतं. यंत्र मुळापाशी काय आहे तेवढं सांगतं. पाणी द्यायचं की नाही हे ठरवायचं काम आपलं.

या आठवड्यात एवढं करा. रात्रीच्या पाळीला मोटार सुरू करण्याआधी, दिवसाउजेडी, रानात दोन ठिकाणी वीतभर खणून मूठ दाबून बघा. लाडू वळला तर त्या रात्री मोटारीचा ऑटो काढून ठेवा आणि झोपा. काय दिसलं ते गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. तुमचे प्रश्न आपल्या केंद्रावर पाठवा, त्यांवर आपण परत बोलू.